अठरा फुटांवर

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही जिना उतरत आहात. पायऱ्या संपल्या असं समजून तुम्ही पाऊल सपाट जमिनीवर टाकायला जाता, आणि जमीन तिथे नसते. आणखी एक पायरी खाली असते. फरक किती, तर चार बोटांचा, फार तर टीचभर. पण तेवढ्या पोकळीतून पाय खाली जात असताना पोटात जे होतं ते आठवून पाहा. पडायला होत नाही, लागत नाही, पुढच्या क्षणी तुम्ही हसताही. तरी तेवढ्यापुरतं जमिनीनेच तुम्हाला फसवलेलं असतं. डोळे अजून उघडू नका. आता समजा, की ही पायरी तुमच्या स्वतःच्या अंगणात आहे. ती कुणी बांधलेली नाही. काँक्रीटचा एक चौकोन वर्षावर्षाने, कुणाला न सांगता, एका बाजूने खाली गेला आहे. आणि त्या अंगणात एक म्हातारा माणूस रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना नेमका त्याच चौकोनावर पाय ठेवतो. बाजूने जाता येतं. तो जात नाही. पोटातला तो हिसका त्याला रोज एकदा हवा असतो. आता उघडा डोळे आणि त्याच्यामागून चला.

त्यांचं नाव नत्थूजी. सौंसरच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी पाचवीचा वर्ग घेतला, म्हणून गावाला ते अजून गुरुजीच आहेत. घर गावाच्या कडेला, रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घराच्या चारी बाजूंना काँक्रीट, चौकोनाला चौकोन जोडून घातलेलं. त्यातले सात चौकोन खचले आहेत, न्हाणीच्या कोपऱ्यावरचा सगळ्यांत जास्त. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी त्यांची बायको मनकर्णा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघाली होती. त्या चौकोनावर तिचा पाय खाली गेला, हातातला नारळ सुटला आणि ती कुशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले, आणि एकविसाव्या दिवशी ती गेली. नारळ मात्र फुटला नव्हता. तो घरंगळत जाऊन चौकोनाच्या खोलगट बाजूला थांबला होता, आणि ओसरीवरून धावत आलेले नत्थूजी आधी नारळाकडे पाहत राहिले होते. किती वेळ? दोन श्वासांइतका. पण मनकर्णाने ते पाहिलं होतं. "नारळ राहू द्या जी," ती खालून म्हणाली होती, "मले उचला."

आज रविवार. मुलगा प्रफुल्ल कारखान्यात ड्युटीवर गेला होता. घरात सून आणि नऊ वर्षांची नात चंचल. खचलेलं काँक्रीट न फोडता उचलून देणाऱ्या कुणाचा तरी बोर्ड प्रफुल्लने पांढुर्ण्याला पाहिला होता, त्या नंबरवर फोन करून त्याने माणूस बोलावला होता. नऊच्या सुमारास एक छोटी गाडी फाटकाशी थांबली. मागे पंप, सिमेंटच्या पिशव्या, राखेची पोती. पस्तिशीचा एक माणूस उतरला, आणि नमस्कार करायच्या आधीच न्हाणीच्या कोपऱ्याशी उकिडवा बसून थापीच्या दांड्याने काँक्रीट ठोकू लागला. एकदा ठोकायचा, मान तिरपी करून ऐकायचा, पुन्हा ठोकायचा. नत्थूजींच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. असं मान तिरपी करून काँक्रीट ऐकणारा एकच माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला होता.

"तू शालिकरामचा काय?"

"हाव गुरुजी. संदीप. तुमच्याच वर्गात होतो, खिडकीपाशी." तो उठून पाया पडला. "आता पांढुर्ण्यालेच राहतो. प्रफुल्लभाऊनं फोनवर नाव नाई विचारलं, म्या बी नाई सांगतलं." मग हातावरची धूळ झटकत, खाली पाहत म्हणाला, "बाबाले विचारलं, जाऊ का म्हून. जाय म्हणे. गुरुजीचं घर हाय, चांगलं करजो."

चांगलं करजो. शालिकराम गवंडी असाच बोलायचा, कमी आणि खाली पाहत. अकरा वर्षांपूर्वी हे सगळं काँक्रीट त्यानेच घातलं होतं. मनकर्णाच्या तेरवीला तो आला होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून, पंगतीच्या बाजूला हात जोडून उभा. त्याला पाहताच प्रफुल्ल वाढता वाढता थांबला होता. "मुरूम खाल्ला तुमी!" हातातली बादली खाली ठेवत तो सगळ्यांसमोर ओरडला होता. "खाली भराव नाई, काई नाई, वरून चोपडं करून देल्लं. माही माय तुमच्या कामानं गेली!" पंगतीतले हात थांबले. शालिकराम प्रफुल्लकडे पाहत नव्हता. तो नत्थूजींकडे पाहत होता, मुलं फळ्याकडे पाहतात तसा, आता गुरुजी काहीतरी लिहितील म्हणून. नत्थूजींनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. टॉवेल घसरलेला नव्हता. शालिकराम न जेवता गेला. पुढे कानावर आलं, की सौंसरमध्ये त्याला कुणी काम सांगत नाही. मग, की त्यानेच ओळंबा खुंटीला टांगला. मग काहीच कानावर आलं नाही, आणि ते अधिक वाईट होतं. गावातून जाताना नत्थूजी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी आले, की चालण्याचा वेग वाढवत. दोन वर्षांत त्यांना कळलं होतं, की म्हाताऱ्या माणसालाही पळता येतं, फक्त ते कुणाला दिसत नाही.

चंचल धावत बाहेर आली. संदीपने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी काढली होती. तिचं एक टोक त्याने तिच्या हाती दिलं. "धर बेटा, हालू नको." तिने विचारलं, हे कायले? नत्थूजींना राहवलं नाही. ते तिच्याजवळ जाऊन वाकले. शिकवायला लागलं की त्यांचा आवाज अजूनही तिशीतला होई. "पाह्य, नळी कितीबी लांब असो, कशीबी वळो, दोन्ही टोकाचं पाणी एकाच उंचीवर येऊन थांबते. कोणी सांगा नाई लागत त्याले." "मंग त्याले खोटं नाई बोलता येत?" चंचलने विचारलं. "नाई," नत्थूजी म्हणाले, आणि सरळ उभे राहिले. कंबरेत कळ आली. संदीपने भिंतीवर पेन्सिलने खूण केली. न्हाणीकडची बाजू पावणेतीन इंच खाली होती. पावणेतीन इंच. त्यांनी तो आकडा मनात फळ्यावर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. एवढ्याने माणूस जातो?

"एक विचारू का गुरुजी?" संदीप कडेची माती उकरून पाहत होता. "मुरूम तं पुरा हाय इथं. दीड फूट भराव हाय, चांगला कुटलेला. मंग हे बसलं काहून?"

"काळी माती हाय ना रे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते."

"तसं असतं तं सारंच वरखाली झालं असतं. हे मोजून सात ठिकाणीच गेलं." त्याने उकरलेली माती परत कडेला लोटली. "बाबाले कितीक बार विचारलं म्या. दोन वर्सं झाले, एकच म्हणते. गुरुजीले विचार."

म्हणजे शालिकरामने घरीही सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरालाही नाही. नत्थूजींच्या पोटात तो सकाळचा हिसका आला, पाय जागेवर असताना.

ड्रिल सुरू झालं तेव्हा चंचलने कानांवर हात घेतले. खचलेल्या प्रत्येक चौकोनात संदीप अंगठ्याएवढी दोन भोकं पाडत होता. आधी पांढरी पूड यायची, मग मुरमाची तांबडी, आणि मग ड्रिल एकदम आत जायचं, खाली काही नसल्यासारखं. "पोकळ," तो दर वेळी म्हणायचा, कुणाला उद्देशून नाही. मग सिमेंट, राख आणि पाणी यांचा पातळ मसाला पंपाने एका भोकातून आत. खालची पोकळी भरली की चौकोन हळूहळू वर येतो, म्हणाला. पहिले सहा आले. आवाज न करता, डोळ्यांना न कळता. चंचल गुडघे टेकून नळीतल्या पाण्याकडे पाहायची आणि ओरडायची, "आलं, आलं!" न्हाणीच्या कोपऱ्यावर मात्र मसाला एका भोकातून आत जाताच दुसऱ्यातून काळं पाणी उसळून वर आलं. त्याबरोबर भुसा आला, वाळवीने खाल्लेला, ओला. आणि बोटाएवढा मुळीचा एक तुकडा. संदीपने पंप बंद केला. तुकडा नखाने खरवडला. "हे काय व्हय गुरुजी?" "असन काही. जुनं असन." कुणाची वस्तू त्याला परत करावी तसा संदीपने तो तुकडा न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पंप पुन्हा सुरू केला. तो पाठमोरा झाल्यावर नत्थूजींनी तुकडा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. छातीशी ओल लागली.

वास कुजक्या लाकडाचा होता. संत्र्याचा नव्हता, अकरा वर्षांनी मातीखाली संत्र्याचा वास राहत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी तो आला. इथे बाग होती. मनकर्णा लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेली कलमं, अठरा-अठरा फुटांवर, दोरी धरून. दोरीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. पहिले दोन उन्हाळे तिने डोक्यावर घागरी आणून ती जगवली. पुढे झाडं म्हातारी झाली, शेंड्याकडून वाळू लागली, थंडी सरताना येणारा आंबिया बहार धरेना, आणि तिथे घर बांधायचं ठरलं. घराच्या पायव्यात आलेली झाडं मुळासकट निघाली तेव्हा ती बांधावर बसून पाहत होती. प्रत्येक झाड आडवं झालं की उठायची, जवळ जायची, काही न करता परत येऊन बसायची. दोन दिवस जेवली नाही. भोवतालची सात उरली होती. ती झाडं गेल्याशिवाय अंगण होत नव्हतं. मग मनकर्णा भावाच्या मुलीच्या लग्नाला रामाकोन्याला माहेरी गेली, गुरुवारी, आणि सोमवारी येणार होती. नत्थूजींनी गुरुवारीच झाडं जमिनीलगत कापून घेतली. "गुरुजी, खोडं काढा लागतीन," शालिकराम म्हणाला होता. "खाली सडतीन, पोकळ होईन. चार दिवस जास्तीचे लागतीन, बाकी काई नाई." "राहू दे. ती सोमवारी येऊन राहिली. तिले उघडी खोडं दिसाले नाई पायजेन." "दिसली तं दिसली. वहिनी रडतीन, अन् चूप होतीन." "नाई म्हणतो ना!" वर्गात कधी न वापरलेला आवाज त्यांनी त्या दिवशी वापरला होता. शालिकरामने खोडांवर मुरूम पसरला, कुटला, आणि रविवारी काँक्रीट घातलं.

सोमवारी ती आली. ओल्या पोत्यांनी झाकलेल्या अंगणाकडे फाटकातूनच पाहिलं. "उजेड झाला," म्हणाली. बस, एवढंच. रडली नाही. झाडांचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही, आणि नत्थूजींना वाटलं, की आपण तिला एका दुःखातून सोडवलं. पण मग त्यांनी ते पाहिलं. न्हाणीतून तुळशीकडे जाताना, ओल्या कपड्यांची बादली कंबरेवर घेऊन, ती सरळ जात नसे. कोपऱ्यावर वळसा घालायची. पुढे एका जागी मान किंचित झुकवायची, जिथे फांदी खाली आलेली असायची. वर दुपारचं कोरडं ऊन, खाली सपाट पांढरं काँक्रीट, आणि बाई नसलेल्या झाडांना बाजू देत चाललेली. ते खिडकीतून पाहत. विचारलं कधीच नाही. तिनेही सांगितलं नाही. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. मग वळसा लहान होत गेला, मान झुकेनाशी झाली, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की ती सरळ जाते. बरं वाटलं होतं त्यांना तेव्हा. विसरली, असं वाटलं होतं. त्याच सुमाराला खाली खोडं सडू लागली असतील. त्या शनिवारी ती सरळ गेली. वळसा घातला असता तर.

दुपारी संदीप पडवीत डबा उघडून बसला. सुनेने भाजी वाढली. चंचल त्याच्या समोर ठाण मांडून बसली होती. "काका, आबाजी तुमाले मारत होते काय?"

"नाई ओ. मारत कधीच नव्हते. पण नियम लय पक्का." त्याने नत्थूजींच्या आवाजाची नक्कल केली, चांगली जमली. "येत नसलं तरी चालेल. पण येत असून जो गप्प बसेल, त्याला बाकावर उभं करीन. अन् मधात बोंबलायचं नाही. हात वर करायचा, मी नाव घेतलं की सांगायचं."

"मले बी तसंच सांगते!"

"म्या तं कायम हात वर करून ठेवो. गुरुजी माहं नावच नाई घेत. मले येत नाई, हे त्याईले माहीत होतं ना!" दोघंही हसली. सूनही हसली. नत्थूजींनी हसायला तोंड उघडलं, आणि खिशातला तुकडा छातीला टोचला.

जेवण झाल्यावर पंप पुन्हा धडधडू लागला. चंचलने संदीपचा टेप मागून घेतला. रिकामी बसायची नाहीच ती. आजोबांनी तिला मोजायची सवय लावली होती. भाकरीचा व्यास, शेळीची उडी, सगळं वहीत. ती एका भरलेल्या भोकापासून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे टेप ओढत फिरत राहिली. मग नत्थूजींच्या खुर्चीशी आली. "आबाजी, इथून तिथं अठरा फूट. तिथून पुढं बी अठरा. त्या कोपऱ्यापासून बी. थोडंसं इकडंतिकडं, पण अठराच. असं कसं झालं?" ती ओठ दाबून उभी राहिली. उत्तर जवळ आलं की तिचं असं होई. दिवाळीत त्यांनीच तिला शेजारच्या संत्र्याच्या बागेत नेलं होतं, झाडाझाडांमधलं अंतर पावलांनी मोजायला लावलं होतं. "संत्र्याएवढं!" ती म्हणाली. "आबाजी, इथं झाडं होती? मंग त्याईचे खुंट कुठं गेले?" तिचा आवाज एकदम खाली आला. ती न्हाणीच्या कोपऱ्याकडे पाहत होती. "आजी पडली तिथं बी होतं काय?"

"आत जाय," नत्थूजी म्हणाले. "दूध उतू जाऊन राहिलं काय, पाह्य."

दूध नव्हतंच चुलीवर. ती गेली नाही. फक्त त्यांच्या सदऱ्याच्या खिशावरचा ओला डाग पाहत राहिली.

ऊन कलताना शेवटचा चौकोन जागेवर आला. संदीपने नळी लावली, खूण पाहिली, मान हलवली. नत्थूजी उठून तिथे गेले आणि रोजच्या जागी पाय ठेवला. पायाला काहीच सापडलं नाही. सपाट. उद्या सकाळी तांब्या घेऊन इथून जाताना पोटात काहीही होणार नव्हतं, आणि मनकर्णा पडली ती जागा कोणती, हे सांगायला दोन बुजवलेल्या भोकांपलीकडे काही उरणार नव्हतं. त्यांना एकाएकी वाटलं, हे फोडून टाका. सगळं फोडा, सातही. खाली काय आहे ते उन्हात येऊ द्या.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. प्रफुल्ल डबा घेऊन आत आला, बुटांनीच चौकोनांवरून चालत गेला, टाच आपटून पाहिली. खूश दिसला. "वा! एक नंबर. पहिलेच तुमाले बोलावलं असतं तं..." त्याने वाक्य सोडून दिलं. "पहिले एका ठगानं केल्तं हे. शालिकराम नाव होतं. मुरूम पुरा खाऊन गेला. माही माय गेली त्याच्यापायी."

संदीप नळी गुंडाळत होता. एक वेढा, दुसरा वेढा. "ऐकलं हाय म्या," तो म्हणाला. "माहा बाप हाय तो."

प्रफुल्लचा हात डब्याच्या कडीवर घट्ट झाला. त्याने वडिलांकडे पाहिलं, पुन्हा संदीपकडे. लाजला होता, पण लाज त्याच्या तोंडून रागासारखी बाहेर आली. "मंग तुमीच सांगा ना भाऊ. आज तुमी खोलून पाह्यलं. मुरूम होता काय खाली?"

"मुरूम पुरा हाय. दीड फूट." संदीपने नळी गाडीत ठेवली. आवाज चढवला नाही. "त्याच्या खाली पोकळ हाय. लाकडाचा भुसा निघाला. कुठलं लाकूड, ते मले नाई माहीत. बाबा म्हणते, गुरुजीले विचार. म्या सकाळी विचारलं."

आता सगळे नत्थूजींकडे पाहत होते. प्रफुल्ल, दारात आलेली सून, गाडीला टेकून संदीप. आणि त्याच्या मागे पंगतीतले सगळे थांबलेले हात, आणि धुतलेल्या पांढऱ्या शर्टातला एक माणूस, जो अजून फळ्याकडे पाहत उभा होता. सांगितलं तर शालिकरामला सौंसरच्या रस्त्याने मान वर करून चालता येईल. सांगितलं तर प्रफुल्लला कळेल, की त्याच्या आईला कुणी पाडलं. दोन्ही एकाच वाक्यात होतं. तोडून अर्धं सांगता येत नव्हतं. नत्थूजींचा हात खांद्याकडे गेला. टॉवेल तिथे नव्हता.

"काळी माती..." ते म्हणाले.

तेव्हा चंचलने टेप खाली ठेवला. न्हाणीच्या कोपऱ्यावरच्या, नुकत्याच वर आलेल्या चौकोनावर ती गेली, बरोबर मधोमध मांडी घालून बसली, पाठ ताठ केली, आणि आबाजींकडे पाहत हात वर केला. तोंडातून एक शब्दही काढला नाही. नाव घेतल्याशिवाय सांगायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. "काय गं?" प्रफुल्लने विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने हात दुखू लागला, तेव्हा दुसऱ्या हाताने तिने कोपराला आधार दिला, आणि तो तसाच वर धरून ठेवला.